गिअरचा नॉब घडवायचाय? आधी आटे मोजा

गाडीच्या गिअरला स्वतः घडवलेला किंवा मिस्त्रीकडून घडवून घेतलेला नॉब बसवावा, अशी हौस असलेल्या वाचकांची पत्रं सतत येतात आणि त्यांतल्या अडचणी जवळपास ठरलेल्या असतात. कुणी आजोळच्या वाड्यातल्या सागवानी तुकड्याची देखणी मूठ कातून घेतलेली असते, पण ती दांड्यावर बसतच नाही. कुणी ऑनलाइन ‘युनिव्हर्सल’ नॉब मागवलेला असतो आणि तो महिन्याभरात डुगडुगायला लागतो. कुणाला आरटीओच्या दंडाची धास्ती असते, तर कुणाला सर्व्हिस सेंटरवर ‘वॉरंटी जाईल’ एवढं एकच वाक्य ऐकवून परत पाठवलेलं असतं.

या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे: नॉबचं काम खालून वर करत न्या. आधी दांडा बघा, मग दांड्यावरचे आटे मोजा, मग आकार आणि वजन ठरवा. लाकूड घ्यायचं की धातू, हा विचार त्यानंतर. बहुतेक जण उलट्या बाजूने निघतात. आधी लाकूड आवडतं, मग आकार ठरतो, आणि वस्तू तयार झाल्यावर खाली भोक केवढं पाडायचं हा प्रश्न उभा राहतो. तोवर पैसेही गेलेले असतात आणि तो वाड्याचा तुकडाही. स्टिअरिंगखालोखाल तुमचा हात गाडीत सर्वांत जास्त वेळा ज्या वस्तूवर जातो, ती ही वस्तू आहे. ती सुंदर असावीच, पण ती भर रस्त्यात हातात निघून येता कामा नये.

तुमच्या गाडीला हे जमेल का?

गाडी ऑटोमॅटिक असेल तर या वाटेला जाऊ नका. तिच्या नॉबवरचं बटण आतल्या लॉकच्या दांडीशी जोडलेलं असतं आणि त्या लॉकमुळेच गिअर चुकून सरकत नाही. एएमटी गाड्यांत तर तो दांडा म्हणजे विजेचा स्विच असतो. अशा गाड्यांना नॉबवर चामड्याचं कव्हर शिवून घेण्यापलीकडे काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने गिअर बदलायच्या गाड्यांत मूठ चार तऱ्हांनी बसवलेली आढळते:

- आट्यांवर फिरवून बसवलेली. हा सर्वांत सोपा प्रकार. नवा नॉब घडवण्यासाठी हाच योग्य.
- आटे आहेत, पण खाली रिव्हर्सची रिंग आहे. काही गाड्यांत रिव्हर्स टाकताना नॉबखालची रिंग बोटांनी वर ओढावी लागते. नवा नॉब रिंगेच्या वाटेत येता कामा नये. नॉबचा तळ जुन्याएवढ्याच उंचीवर थांबला पाहिजे.
- दाबून बसवलेली. आत प्लॅस्टिकची खाच असते किंवा धातूची पट्टी आवळलेली असते. दांड्याला आटे नसतात. इथे बुश (आत बसवायची धातूची नळी) आणि ग्रब स्क्रू (माथा नसलेला बारीक स्क्रू) लावून काम होऊ शकतं, पण ते अनुभवी टर्नरनेच करावं.
- दांड्यावरच ओतलेली किंवा चिकटवलेली. ही फोडल्याशिवाय निघत नाही. फोडण्याआधी मूळ नॉबचा नवा सुटा भाग मिळतो का, हे कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवर विचारून घ्या. मिळत नसेल तर हात लावू नका.

काही गाड्यांत रिव्हर्ससाठी आख्खा दांडा खाली दाबावा लागतो. तिथे नॉबचा तळ आणि बुटाची चौकट यांच्यात दाबण्यापुरती जागा उरते का, हे मूळ नॉबवरच मोजून ठेवा. बूट म्हणजे दांड्याभोवतीचं ते चामड्यासारखं, चुण्यांचं आवरण.

जुना नॉब काढताना

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड किंवा विटेची उटी लावा आणि गिअर न्यूट्रलला घ्या. मग पुढच्या क्रमाने जा:

1. बुटाची चौकट बोटांनी अलगद वर उचला. ती बहुधा क्लिपांवर असते. स्क्रू-ड्रायव्हर वापरावाच लागला तर टोकाला कापड गुंडाळा.
2. नॉबच्या गळ्याशी लहान स्क्रू, पिन किंवा पट्टी आहे का, टॉर्चने पाहा. असेल तर ती आधी सोडवा.
3. नॉब सुती कापडाने घट्ट धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फिरत असेल तर तो आट्यांचा आहे.
4. फिरत नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने दोन-तीन मिनिटं ऊब द्या. कारखान्यात आट्यांना लावलेलं चिकटद्रव्य उष्णतेने सैल पडतं.
5. तरीही हलत नसेल तर थांबा. तोंड दांड्यावर आणून दोन्ही हातांनी वर हिसका देऊ नका. नॉब अचानक सुटतो आणि थेट चेहऱ्यावर आदळतो.

काढलेला नॉब, रिंग, स्प्रिंग, नट असं सगळं एका डबीत नावानिशी ठेवा. नॉब नसलेल्या दांड्याने गाडी चालवू नका, अगदी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा. दांड्याचं उघडं टोक धडकेत गंभीर इजा करू शकतं.

आटे ओळखा: सगळं काम इथे ठरतं

आट्यांच्या दोन गोष्टी कळायला हव्यात: दांड्याचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच. हल्लीच्या गाड्यांत एम८ × १.२५, एम१० × १.२५, एम१० × १.५ आणि एम१२ × १.२५ ही मापं जास्त भेटतात. पहिला आकडा मिलिमीटरमधला व्यास, दुसरा पिच. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत एम१० × १.५ आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत एम१२ × १.२५ असतं. पण एवढ्यावर विसंबून काम टाकू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत माप वेगळं असू शकतं, आणि जुन्या जीपसारख्या गाड्यांत इंची आटेही निघतात. माप आपल्याच दांड्याचं घ्यायचं.

व्हर्नियर असेल तर व्यास मोजा. तो नेहमी नावापेक्षा किंचित कमी भरतो. एम१० चा दांडा ९.८ च्या आसपास दाखवेल, त्याने गोंधळू नका. पिच मोजायला पिच गेज मिळतो. तो नसेल तर पट्टी लावून आटे मोजा: १५ मिलिमीटर लांबीत १० आटे भरले तर पिच १.५, आणि १२ भरले तर १.२५.

दोन्ही साधनं हाताशी नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातून वरच्या चारही मापांचे नट विकत घ्या. चिल्लर खर्चात होणारी ही सर्वांत भरवशाची चाचणी आहे. नट बोटांनी फिरवून बघा. बरोबर मापाचा नट सहा-सात फेरे सहज जातो. चुकीच्या पिचचा नटही एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. इथेच लोक फसतात. ‘थोडा घट्ट आहे’ असं समजून पान्याने पुढे रेटतात आणि दांड्याचेच आटे खराब करून बसतात. नॉब बिघडला तर दुसरा करता येतो. दांड्याचे आटे गेले तर गिअरचा आख्खा दांडा बदलण्याची वेळ येते. म्हणून नटाला बोटांपलीकडे जोर लावायचा नाही.

बरोबर बसलेला नट डबीत टाकू नका. तो टर्नरकडे न्यायचा आहे. तोंडी माप सांगण्यापेक्षा नमुन्याचा नट हातात दिलेला केव्हाही चांगला.

आटे पाडण्याआधी भोक कितीचं घ्यायचं, हे टर्नरला ठाऊक असतं, पण घरी टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरणार असाल तर ही मापं जवळ असू द्या: एम८ × १.२५ साठी ६.८ मिलिमीटर, एम१० × १.५ साठी ८.५, एम१० × १.२५ साठी ८.८ आणि एम१२ × १.२५ साठी १०.८. नॉब दांड्यावर किमान व्यासाच्या दीडपट लांबीत पकडला गेला पाहिजे, म्हणजे एम१० ला १५ आणि एम१२ ला १८ मिलिमीटर.

‘युनिव्हर्सल’ नॉबांबद्दल इथेच सांगून टाकतो. त्यांत प्लॅस्टिकची नळी आणि बाजूने आवळायचे तीन बारीक स्क्रू असतात. ते आट्यांच्या शिरांवर टेकतात, गाडीच्या थरथरीने सैल होतात, पुन्हा आवळले की आट्यांना ओरखडे पाडतात. आट्यांचा दांडा असलेल्या गाडीला असा नॉब घेऊ नका.

उंची, आकार आणि वजन

मूळ नॉब समोर ठेवून तीन मापं लिहून घ्या: सर्वांत रुंद भागाचा व्यास, तळापासून वरच्या टोकापर्यंतची उंची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं वजन. नवी वस्तू या तिन्हींच्या फार लांब जाऊ नये.

उंचीने गिअरची चाल बदलते. समजा, दांडा त्याच्या खिळीपासून नॉबपर्यंत २५० मिलिमीटर आहे आणि तुम्ही नॉब २५ मिलिमीटर खाली आणलात. हाताची हालचाल दहा टक्क्यांनी कमी होईल आणि लागणारा जोर साधारण अकरा टक्क्यांनी वाढेल. शहरात दिवसभर पहिला-दुसरा करणाऱ्याला हा जोर संध्याकाळी खांद्यात जाणवतो. नॉब उंच केला तर उलटं होतं, शिवाय पहिल्या-तिसऱ्या गिअरला बोटं म्युझिक सिस्टिमवर घासण्याचा धोका राहतो. घडवण्याआधी कणकेचा किंवा मातीचा गोळा दांड्यावर लावून सगळे गिअर टाकून बघा. डॅशबोर्ड, हँडब्रेक आणि बाटलीची जागा यांत अंतर राहतं का, ते लगेच कळतं.

व्यास बहुतेक हातांना ४५ ते ५० मिलिमीटर बरा वाटतो. संधिवातामुळे मूठ पूर्ण मिटत नसेल तर थोडा मोठा, ५५ पर्यंतचा, किंचित चपटा नॉब खूप सुख देतो. ज्येष्ठ वाचकांनी हा विचार जरूर करावा. आकारात टोकं, शिंगं, धारदार कडा नकोत. कवटी, तलवारीची मूठ, बंदुकीची गोळी असले आकार बाजारात खूप दिसतात. अचानक ब्रेक लागल्यावर शेजारी बसलेल्याचा हात किंवा मागून पुढे झेपावलेल्या मुलाचं तोंड त्यावर आपटू शकतं. प्रत्येक कड किमान तीन मिलिमीटर त्रिज्येने गोल करून घ्या.

वजनाचा फरक किती मोठा पडतो, हे पाहा. ५० मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा साधारण एवढा भरतो:

- सागवान: ४० ते ४५ ग्रॅम
- शिसम: ५० ग्रॅमच्या आसपास
- डेलरिन (इंजिनिअरिंग प्लॅस्टिक): ९० ग्रॅम
- अ‍ॅल्युमिनिअम: १७५ ग्रॅम
- स्टेनलेस स्टील: ५२० ग्रॅम
- पितळ: ५५० ग्रॅम

जड नॉबने गिअर ‘आपोआप पडतो’ असं शौकिनांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. वजनाच्या जोराने दांडा खाचेत लवकर ओढला जातो. पण तेच वजन खड्ड्यात दांड्याला हिसकेही देतं. गिअरबॉक्स जुना असेल, आतल्या स्प्रिंगा थकलेल्या असतील तर गिअर निसटण्याची शक्यता वाढते. आपल्या रस्त्यांवर मी २०० ग्रॅमच्या वर जाणार नाही. पितळ हवंच असेल तर आतून पोकळ करून घ्या किंवा लाकडात पितळेची कडी बसवा.

कशाचा करावा?

इथे उन्हाचा विचार आधी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीत आतलं तापमान साठ अंशांच्या वर जातं. अशा गाडीत स्टीलचा किंवा पितळेचा नॉब हाताला चटका देतो आणि चकचकीत पॉलिश असेल तर डोळ्यांवर तिरीपही मारतो. धातू घ्यायचा तर पृष्ठभाग मॅट ठेवा.

थ्रीडी प्रिंटरवर नॉब काढणारे तरुण बहुधा पीएलए वापरतात. तो साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतो, म्हणजे उन्हात नॉब दांड्यावर कलंडणार. प्रिंटच करायचा तर एएसए किंवा एबीएस घ्या आणि आत धातूचा बुश बसवा. पारदर्शक रेझिनमध्ये फुलं, नाणी, शंख ओतलेले नॉब सुरेख दिसतात, पण साधं इपॉक्सी रेझिनही याच तापमानाला मऊ होऊ लागतं आणि उन्हाने पिवळं पडतं. उष्णता सोसणारं रेझिन मागा. जाड गोळा एका दमात ओतू नका, आतल्या उष्णतेने तडे जातात.

पितळेत कातायला सोपं जावं म्हणून बहुधा थोडं शिसं मिसळलेलं असतं. घरात लहान मुलं असतील तर त्यावर पारदर्शक लाखेऐवजी पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) थर द्या. घामाने येणारा हिरवटपणा आणि हाताला लागणारा वासही त्याने थांबतो.

माझी निवड विचाराल तर लाकूड. उन्हात ते तापत नाही, थंडीत गारठत नाही, हाताखाली वर्षानुवर्षं सुधारत जातं आणि गावोगावी ते कातणारा माणूस अजून मिळतो.

लाकडी नॉब, पहिल्यापासून

लाकूड घट्ट आणि पूर्ण वाळलेलं हवं. शिसम, जुना सागवान, बाभूळ, चिंच ही चांगली. सुताराकडे फर्निचरचे उरलेले ठोकळे मिळतात, तेवढ्यावर काम भागतं. नव्या ओल्या लाकडाचा नॉब कोकणात पावसाळ्यात फुगतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तडकतो. जुन्या घराच्या तुळईचा, दाराच्या चौकटीचा, पाळण्याच्या दांडीचा तुकडा असेल तर त्याच्यासारखं लाकूड नाही. कित्येक वर्षं वाळून ते स्थिर झालेलं असतं. मात्र त्यात मोडके खिळे दडलेले असतात. लेथवर चढवण्याआधी त्यावरून सगळ्या बाजूंनी चुंबक फिरवा. फिरत्या लाकडातला खिळा हत्यार मोडतो आणि माणसालाही जखमी करतो.

लाकडात थेट आटे पाडू नका. ते काही महिन्यांत झिजतात. आत पितळेचा बुश बसवायचा, हे पक्कं. काम असं होतं:

1. ६५ × ६५ × ९० मिलिमीटरचा ठोकळा घ्या. लाकडाच्या रेषा दांड्याच्या दिशेने उभ्या राहतील असा धरा.
2. टर्नरकडून बुश करून घ्या: बाहेरून १६ मिलिमीटर व्यास, लांबी २५, आत तुमच्या दांड्याचे आटे. बाहेरच्या अंगाला खाचा पाडायला सांगा, म्हणजे चिकटद्रव्य धरून ठेवतं. एम१२ चा दांडा असेल तर बाहेरचा व्यास १८ घ्या.
3. ठोकळ्याच्या मध्यावर बुशपेक्षा केसभर मोठं भोक सरळ पाडा. हातातल्या ड्रिलने ते तिरकं जातं, उभ्या ड्रिल मशिनवर करा. भोक आरपार नको.
4. बुशाचा वरचा तोंडाचा भाग मेणाने बंद करून दोन नळ्यांच्या इपॉक्सीने तो आत बसवा. चोवीस तास हात लावू नका.
5. आता खरी युक्ती: त्याच आट्यांचा बोल्ट बुशात फिरवून बसवा आणि बोल्टच लेथच्या चकमध्ये धरा. नॉब बोल्टच्या मध्याभोवतीच कातला जातो, त्यामुळे गाडीत तो दांड्यावर वाकडा दिसत नाही. बाहेरून आधी कातून मग भोक पाडलेले नॉब हमखास एका अंगाला कललेले असतात.
6. आकार आल्यावर १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा. मधला नंबर गाळलात तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.
7. शेवटचा थर द्या.

शेवटच्या थराबाबत घाई होते. सुतार सहज फ्रेंच पॉलिश सुचवतो. ते लाखेचं असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हाताला सॅनिटायझर लावून तुम्ही गिअर धरलात की पॉलिश हाताला येतं. सावंतवाडीच्या चितार आळीसारख्या ठिकाणची लाकडी खेळण्यांची रंगीत कारागिरी पाहून तसाच नॉब करावासा वाटतो, मलाही वाटतो. तिथल्या कारागिराकडून लाकूड जरूर कातून घ्या. पण लाखेचा रंग उन्हातल्या गाडीसाठी नको, उष्णतेने तो चिकट होतो. दोन घटकांचं पीयू पॉलिश, पातळ तीन थर, ही टिकाऊ निवड. लाकडाचा नैसर्गिक स्पर्श हवा असेल तर उकळलेलं जवसाचं तेल चोळा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.

धातूचा करून घेताना टर्नरला काय द्यावं

कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्यात भोसरी, नाशिकमध्ये सातपूर-अंबड, संभाजीनगरात चिकलठाणा, या भागांत लेथची लहान वर्कशॉप भरपूर आहेत. एका नगाचं काम मोठ्या कारखान्यात कुणी घेत नाही, लहान शेडमध्ये घेतात. महिनाअखेरीची घाई टाळून जा. सोबत एवढं न्या:

- मूळ नॉब आणि बरोबर बसलेला नट
- कागदावर आकृती: बाजूने आणि वरून, सगळी मापं मिलिमीटरमध्ये
- आट्यांचं माप आणि खोली
- ‘सगळ्या कडा ३ मिमी गोल, पृष्ठभाग मॅट’ असं लेखी
- नर्लिंग (पकडीसाठी पाडलेल्या खाचा) हवं असेल तर ‘बारीक’ हा शब्द. जाड नर्लिंग तळहात सोलतं

मजुरी आधी ठरवा आणि धातू कुणी आणायचा तेही. अ‍ॅल्युमिनिअमचा गोल रॉड भंगारातून घेतला तर तो मऊ निघू शकतो आणि आटे लवकर जातात. माहितीच्या ग्रेडचा, म्हणजे ६०६१ किंवा ६०८२ चा तुकडा घ्या.

गिअरची आकृती वर कोरलीच पाहिजे

अनेक जण सौंदर्यासाठी वरचा भाग कोरा ठेवतात. गाडी फक्त तुम्हीच चालवणार, असं होत नाही. मेकॅनिक, हॉटेलचा पार्किंगवाला, घरातलं दुसरं माणूस, अडचणीत मदतीला आलेला अनोळखी, यांच्यापैकी कुणीतरी चालवतंच. काही गाड्यांत रिव्हर्स पहिल्याशेजारी डावीकडे वर असतो, काहींत उजवीकडे खाली. चुकीचा अंदाज म्हणजे पुढे जायची गाडी मागे. अमेरिकेत तर हाताने गिअर बदलायच्या गाड्यांना ही आकृती चालकाला सतत दिसेल अशी असण्याचा संघीय सुरक्षा नियमच आहे. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

आकडे मराठीत कोरून घ्या, फार छान दिसतात. रिव्हर्सचं इंग्रजी अक्षर तेवढं ठेवा, ते सगळ्यांना कळतं. आकृती कोरण्याआधी नॉब गाडीत पूर्ण बसवून पुढच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. आटे कुठे संपतील ते आधी सांगता येत नाही आणि तिरपी आकृती रोज डोळ्यांना खुपते. देवाची मूर्ती किंवा चित्र कोरण्याआधी घरच्यांना विचारा. दिवसभर हाताखाली आणि कधी उष्ट्या हाताखाली येणाऱ्या जागी ते अनेकांना रुचत नाही.

बसवणं आणि तपासणं

आधी दांड्यावर चेकनट (नॉब फिरू नये म्हणून खालून आवळायचा नट) चढवा, मग नॉब, आणि आकृती सरळ आली की चेकनट खालून वर आवळा. दोन्ही एकमेकांवर घट्ट बसतात. आट्यांना मध्यम ताकदीचं, निळ्या रंगाचं थ्रेड-लॉकर एक थेंब पुरे. लाल रंगाचं लावू नका, पुढे नॉब काढताना दांडा पिळवटेल. डिझेल गाडीत थरथर जास्त जाणवत असेल तर नॉब आणि चेकनटमध्ये पातळ रबरी वॉशर टाका.

मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका, रिव्हर्ससह. रिंग पूर्ण वर येते का पाहा. त्यानंतर मोकळ्या मैदानात हळू वेगाने चालवून बघा. खडबडीत जागी गिअर निसटला तर नॉब जड आहे, लगेच मूळचा लावा. आठवड्याने आणि मग प्रत्येक सर्व्हिसिंगला नॉब हाताने पिळून बघा. आणि एक सवय मोडा: गाडी चालताना हात नॉबवर टेकवून ठेवायचा नाही. त्या भाराने गिअरबॉक्समधला फोर्क झिजतो. नॉब हाताला गोड लागू लागला की ही सवय जास्तच लागते.

आरटीओ, वॉरंटी आणि तुम्ही

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे वाचून घाबरायचं कारण नाही. गिअरच्या नॉबचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो आणि आट्यांवरचा नॉब बदलल्याने त्यातला एकही तपशील हलत नाही. पण गिअरचा दांडा कापणं, वाकवणं, त्याची जागा बदलणं ही निराळी गोष्ट आहे. अपंगत्वामुळे दांडा किंवा गिअरची यंत्रणा बदलून घ्यायची असेल तर कायद्यात त्याची सोय आहे. ते काम आरटीओची मंजुरी घेऊनच करा.

वॉरंटीबाबत एवढं पाळा: दांड्याला कानस, करवत किंवा ड्रिल लावू नका आणि मूळ नॉब सांभाळून ठेवा. गिअरबॉक्सची तक्रार घेऊन जायचं असेल तर आधी मूळ नॉब लावून काही दिवस चालवा. तक्रार कायम राहिली तर दोष नव्या नॉबचा नाही, हे तुम्हालाही कळेल आणि तसं सांगताही येईल. तरी वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. तोंडी नकार स्वीकारू नका.

गाडी भाड्याच्या करारावर किंवा कंपनीने वापरायला दिलेली असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या.

काम बिघडलं तर

ऑर्डर देताना चिठ्ठी करा: माप, साहित्य, मजुरी, तारीख, दोघांची सही. लाकूड तुम्ही दिलं असेल तर तसं लिहा. जुन्या वाड्याचा तुकडा बाजारात पुन्हा मिळत नाही, म्हणून वाया गेल्यास काय, हेही आधीच बोला. पैसे दिल्याची पावती घ्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सदोष वस्तू किंवा सेवेची तक्रार करता येते:

- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. फोटो जोडा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा.
- ऑनलाइन घेतलं असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दंडक आहे.
- तरीही दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही.

‘खास ऑर्डरचा माल परत घेत नाही’ असं विक्रेते सांगतात. रंग आवडला नाही, एवढ्याच कारणासाठी ते बरोबर ठरू शकतं. सांगितलेल्या मापाचे आटे नसतील किंवा नॉब तडकला असेल तर ते वाक्य तुम्हाला लागू होत नाही.

गाडी विकताना मूळ नॉब पुन्हा बसवून द्या आणि दांड्यावरचा चेकनट काढायला विसरू नका. तो राहिला तर मूळ नॉब शेवटपर्यंत खाली जात नाही. तुमचा नॉब पुढच्या गाडीला हवा असेल आणि तिचं माप वेगळं असेल तर लाकूड बदलायची गरज नाही. जुना बुश लेथवर कातून काढता येतो आणि त्याच जागी नव्या आट्यांचा बसतो.